डोळे उघडे की मिटलेले?

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अनफिट!

लाल शाईचा शिक्का. त्या माणसानं माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. लेखी परीक्षेत मी पहिली, मुलाखतीत साहेब दोनदा 'व्हेरी गुड' म्हणाले, शेंद्र्याच्या कंपनीत लॅब केमिस्ट म्हणून यादीत नाव लागलं — आणि आज मेडिकलला कंपनीचे डॉक्टर विचारतात, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी खरं सांगितलं. फिटच्या. अकरा वर्षांपासून. झालं! "ॲसिडजवळ उभ्या राहणार तुम्ही. पडलात तर जबाबदार कोण?"

खोटं बोलायला हवं होतं.

निघताना ऑफिसमधली मुलगी हळूच म्हणाली, मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र आणा, आजार आटोक्यात आहे असं. अठ्ठावीस तारखेच्या आत. एक डिसेंबरला रुजू व्हायचंय, नाहीतर यादीतली पुढची मुलगी घेतील.

रिक्षात शेंद्र्यापासून सिडकोपर्यंत दातओठ खात बसले. घरात पाऊल टाकलं तर अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्या आधीच म्हनलं व्हतं." बाप आहे की ज्योतिषी! आई पोळ्या लाटत होती. तिनं विचारलंही नाही काय झालं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक पोळी जास्त लाटली.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवीन डॉक्टर. कालिंदी नाव. चाळिशीच्या असतील, बोलणं सावकाश. मी, अण्णा, आई — तिघं समोर बसलो. माझी फाईल इतकी जाड की टेबलावर धप्पकन आवाज झाला. त्यांनी ती उघडलीच नाही! म्हणाल्या, "कागद नंतर. आधी सांगा, फिट येते तेव्हा हिचे डोळे उघडे असतात की मिटलेले?"

अण्णा आईकडे बघतात. आई जमिनीकडे बघते.

अकरा वर्षं. सत्तर-ऐंशी फिट. आणि माझ्या घरातल्या एकाही माणसाला माहीत नाही की माझे डोळे उघडे असतात की मिटलेले! कारण काय? कारण मी पडले रे पडले की आई धावत येते आणि माझ्या तोंडावर पदर टाकते. आधी पदर, मग पाणी, मग बाकीचं. अण्णांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पोरीची जात हाय मॅडम. चारचौघांत तोंड वाकडं झालेलं दिसू नाय, म्हनून झाकतो. आमच्यात तसंच करत्यात."

आमच्यात! माणूस मरो, तोंड दिसता कामा नये.

मग त्यांनी विचारलं, जीभ चावली जाते का? नाही. कपडे ओले होतात? कधीच नाही. किती वेळ चालते? अण्णा म्हणाले, "पंधरा मिन्टं. कधी अर्धा तास." तिथं डॉक्टरांचं पेन थांबलं. म्हणाल्या, पहिल्यांदा निदान कसं झालं? अण्णांनी तेही सांगितलं, "हिच्या आईच्या थोरल्या बहिणीला व्हतं ना. दगडाबाईला. फेफरं येऊन हिरीत पडली अन् गेली. तेच उतरलंय हिच्यात." पहिल्या डॉक्टरांनाही हेच सांगितलं होतं. मेंदूचा आलेख स्वच्छ आला तरी त्यांनी दहा मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि पुढचे सगळे मागच्याची चिठ्ठी बघून तेच लिहीत गेले.

पत्र मागायला गेले होते. पत्र नाही. आधी डोक्याला तारा लावून दोन दिवस कॅमेऱ्यासमोर झोपायचं. फिट आली पाहिजे. मुद्दाम वाट बघायची तिची! अकरा वर्षं येऊ नये म्हणून जीव टाकला, आणि आता ये बाई, ये.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज न्हाणीच्या जाळीवरून मूठभर केस उचलले. गोळ्यांची कृपा. हातही थरथरतो, चहा बशीत सांडतो. लॅबमध्ये पिपेट धरायचंय मला याच हातानं!

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं की अण्णांच्या अंगात येतं. आज स्थळ आणलं. पैठणचा बिजवर, दोन पोरं, मोठा नववीला. "फिटवाल्या पोरीला ह्याच्याहून काय भेटनार? लई नखरे नको करू." मी ताट सरकवून उठले.

पहिली फिट आठवली. दोन हजार चौदा, आम्ही तेव्हा वेरूळजवळ शेतावर राहत होतो. मी सतरा वर्षांची. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर, आणि अण्णांनी पाहुणे बोलावले. हातात पोह्याचा ट्रे. कान बंद झाल्यासारखे झाले, तळपाय गार पडले, आणि मग पोहे कुठं नि मी कुठं. डोळे उघडले तेव्हा तोंडावर आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर होता आणि बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज. पाहुणे पळाले. बातमी पंचक्रोशीत गेली. मग काय, लग्न जमत नाही म्हणून शिकू दिलं! बी.एस्सी. झाले ती अशी, उपकार म्हणून. तेही आई तीन वर्षं कॉलेजच्या लिंबाखाली दिवसभर बसून राहिली म्हणून. पोरी हसायच्या. 'आली बघा बॉडीगार्ड.' मला त्या झाडाचाही राग यायचा.

कुणी एकटं सोडलं नाही मला. गाडी नाही, पोहणं नाही, गच्चीवर जाणं नाही. दवाखान्यातल्या माणसानं लिहिलेल्या एका शब्दावर!

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे हाताला सलाईनची सुई असताना लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी सुदर्शन नावाच्या टेक्निशियननं डोक्याला एकवीस तारा चिकटवल्या. वर जाळीची टोपी. समोर भिंतीवर कॅमेरा. आई खुर्चीवर. दुपारपर्यंत काही नाही. चारला अण्णा आले, आणि खिशातून पैठणवाल्याचा फोटो काढून माझ्या उशीवर ठेवला. दवाखान्यात! तारा लावलेल्या असताना!

कान बंद झाले. तळपाय गार. पुढचं मला आठवत नाही, सुदर्शननं सांगितलं.

तो बाहेर स्क्रीनसमोर बसला होता. मी हलायला लागले आणि स्क्रीनवर फक्त पदर! तो धावत आत आला — "मावशी, पदर हटवा! चेहरा दिसू द्या!" आई हटेना. सिस्टर आली. तिनं पदर ओढला, आईनं परत टाकला. सिस्टरनं ओढला, आईनं दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून धरलं. "बारीक बाई आहे हो, पण काय ताकद!" म्हणे सुदर्शन. हसत होता. मला हसू येत नाही. अठरा मिनिटांची फिट, आणि कॅमेऱ्यात काय आलं? पदराचे काठ.

डॉक्टर संध्याकाळी म्हणाल्या, आलेखातून बरंच कळलंय, पण चेहरा दिसायला हवा. उद्या आईंना खोलीबाहेर बसवायचं. आई एकदम मोठ्यानं म्हणाली, "मी नाय जानार." जन्मात ती कुणाला नाही म्हणाली नाही. अण्णांना नाही, सासूला नाही. म्हणाली तर हे! माझं पत्र अडकवायला!

मी ओरडले तिच्यावर. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. 'तुझ्या या पदरापायी माझी नोकरी जाईल!' ती उठली. पिशवी उचलून बाहेर जाऊन बसली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सत्यम बसला सोबत. औरंगपुऱ्यातलं मोबाईलचं दुकान बंद ठेवून आलेला, म्हणून धुसफूसत. लहान भाऊ, पण ऐट थोरल्याची. अकरा वाजता म्हणाला, "ताई, रागावू नको. अण्णांनी पैठणला होकार कळवलाय."

आली. दारात कुणीही पदर घेऊन नव्हतं.

शुद्धीवर आले तेव्हा सत्यम भिंतीला टेकून उभा होता. पांढराफटक. मी विचारलं, काय झालं? त्यानं मान हलवली आणि बाहेर गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिरगी नाही.

परत लिहिते. मिरगी नाही! नव्हतीच. कधीच नव्हती!

डॉक्टर कालिंदींनी मला एकटीला आत घेतलं. स्क्रीनवर एका बाजूला आलेख, एका बाजूला मी. अठ्ठावीस वर्षांची झाले, आज पहिल्यांदा स्वतःची फिट बघितली. हात आपटतेय, मान एकदा इकडे एकदा तिकडे, नाही-नाही म्हटल्यासारखी. थांबतेय, परत सुरू. आणि डोळे — घट्ट मिटलेले. इतके घट्ट की पापण्यांना सुरकुत्या. सिस्टर उघडायला जाते तर मी आणखी मिटते. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी. कानापर्यंत ओघळ.

"मिरगीत बहुधा डोळे उघडे राहतात," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांवरून कुणी ठरवत नाही. पण हा आलेख बघ. एवढं अंग हलतंय आणि मेंदूची रेघ जाग्या माणसाची आहे, शांत. मिरगीत ही रेघ पिसाळते. तुझ्या मेंदूत बिघाड नाही. ही चांगली बातमी आहे."

चांगली बातमी! माझ्या तोंडून शिवीच निघाली असती. मी म्हटलं, "म्हणजे मी नाटक करते?"

"नाही. नाटक करणारा ठरवून करतो. तू ठरवत नाहीस, तुला आठवतही नाही. भीतीनं हात कापतात ते कुणी ठरवून कापवतं का? जे तोंडानं बोलता येत नाही ते शरीर असं बाहेर काढतं. झटके खरे आहेत. कारण वेगळं आहे, म्हणून उपचारही वेगळे. बोलण्याचे."

"आणि गोळ्या?"

"हळूहळू कमी करू. एकदम बंद करायच्या नाहीत, तो धोका घेऊ नकोस."

त्या भल्या बाई आहेत. तरी मला त्यांचाही राग आला. माझे केस कुणाकडे मागू? दररोज सकाळी एक, संध्याकाळी एक — अकरा वर्षांच्या गोळ्या कुणाच्या तोंडावर फेकू? दहा मिनिटं! दहा मिनिटांच्या जागी अकरा मिनिटं बघितलं असतं त्या माणसानं! एकदा कुणीतरी पदर उचलला असता!

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरी सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "म्हंजे अकरा वर्सं सोंग केलं व्हय?"

सत्यम उठला. मला वाटलं तोही आता माझ्यावर येणार. पण तो अण्णांवर ओरडला! "म्या बघितलंय तिचं तोंड! सोंग असं नसतंय! तुम्ही बघितलंय का कधी? एकदा तरी?" अण्णा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा भावावर माया आली.

पण अण्णांचं गप्प बसणं म्हणजे हिशेब जुळवणं. पान खाऊन झाल्यावर चेहरा उजळला. "रोग नाय म्हनती ना डागदर? मंग झालं! पैठणवाला कशाला पायजे? पुंजाराम पाटलाचा पुतण्या हाय, पन्नास एकर. तेविसाला बोलावतो. आता काय अडचन?"

आता काय अडचण! आजारी होते तेव्हा नोकरी नाही. बरी झाले तर लग्न. म्हणजे मी सुटले कशातून?

आई चुलीपाशी — गॅसपाशी — उभी. भाकरी करपली. तिची भाकरी कधी करपत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक प्रयोग केला. कुणाला सांगायचा नाही.

घरात कुणी नव्हतं. खोलीचं दार लावलं, सतरंजी टाकली, आरसा भिंतीला टेकवला आणि फिट आणायचा प्रयत्न केला. सोंगच असेल तर जमायला पाहिजे ना? हात आपटले, मान हलवली. अर्ध्या मिनिटात दंड भरून आले. दोन मिनिटांत धाप लागली. डोळे मिटले तर पाणी येईना. अठरा मिनिटं? मी तीन मिनिटांत थकून पडले. आरशात केस विस्कटलेली एक मूर्ख बाई दिसत होती.

मग मात्र पाणी आलं. रागाचं. मला स्वतःलाच तपासून घ्यावं लागलं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

पत्र मिळालं! 'अपस्मार नाही' असं स्पष्ट लिहिलंय. पहिले तीन महिने ॲसिडपासून लांब, उपकरणांच्या खोलीत बसवावं, एकटीला ठेवू नये, असंही. मी डॉक्टरांना म्हटलं, हे कशाला लिहिता? म्हणाल्या, "खरं लिहिलं तरच टिकेल." शेंद्र्याला नेऊन दिलं. लाल शिक्केवाल्यानं या वेळी वर बघितलं. दोनदा वाचलं. निळा शिक्का मारला. एक डिसेंबर, सकाळी आठ!

बोलण्याच्या उपचाराची पहिली खेपही झाली. तिथल्या मॅडमनी फिटच्या तारखा आठवून लिहायला सांगितल्या. बावीस आठवल्या. चौदा पाहुण्यांच्या. बाकी अण्णा ओरडले त्या. मी वही फाडणार होते. मला वाचता येतं ना! मग इतकी वर्षं मला का नाही दिसलं?

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या पाटील येणार. अण्णांनी बासुंदी सांगितलीय. नोकरीचं सांगितलं तर म्हणाले, "लगीन ठरलं की सासरचे बघतील नोकरीचं."

सकाळपासून तळपाय गार आहेत. मॅडमनी शिकवलंय तसं पाय जमिनीला घट्ट टेकवते, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेते. कपाट. घड्याळ. कुंकवाची डबी. उद्या फिट आली तर सगळे म्हणणार, सोंग! नाही आली तर पाटील पसंत करणार. दोन्हीकडून मेले!

आई कपाटातून माझी साडी काढत होती. मी म्हटलं, "उद्याला पदर धुऊन ठेवलास ना? तुला तेवढंच तर येतं!"

तिचा हात थांबला. साडी तशीच पलंगावर ठेवून ती खोलीतून गेली. बोलायला नको होतं. पण खोटं होतं का?

२३ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे पाचला येणार. आता साडेचार. घाईत लिहिते.

आई वेणी घालायला मागे बसली. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"दगडाक्काला फिट यायची तव्हा तिचे डोळे टक्क उघडे असायचे. बुबुळं वर. दात खिळायचे. धा वर्सं मीच धरायचे तिला. मला कुन्या डागदरानं सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिशी तू पडलीस तव्हा मी वाकून बघितलं. तुझे मिटलेले व्हते. रडत व्हतीस तू, माय. पाव्हण्यांनी बघितलं असतं तर म्हनले असते, सोंग करती पोरगी. तुझ्या बापानं उचलून मांडवात बसवलं असतं, सतराव्या वर्सी. म्हनून टाकला पदर. मंग टाकतच गेले."

मी विचारलं, "आणि गोळ्या?"

"वाटलं, डागदराची गोळी, इख तर नसंल. चुकलं माझं."

तिला ढकलून द्यावं की तिच्या मांडीवर डोकं ठेवावं, मला कळेना. अजूनही कळत नाही. अकरा वर्षं!

वेणीला गाठ मारून ती समोर आली. पदर खांद्यावरून ओढला आणि कमरेला खोचला.

"आज टाकनार नाय. तू डोळे उघडे ठिव अन् तोंडानं नाय म्हन. मी शेजारी उभी हाय."